कमानीचा उभा जोड

मोनालीनं ग्राइंडर वेल्डिंगच्या जोडावरून पुन्हा एकदा फिरवला, चकती थांबू दिली आणि चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकली. टाचणीने टोचावीत तशी बारीक भोकं, एकामागे एक, रांगेनं बसलेली. वरवर घासलं तेव्हा दोनच दिसली होती. जसजशी ती खोल घासत गेली तसतशी भोकं वाढतच चालली होती.

"दिसले ना? मी तं म्हनतच होतो."

मागे प्रफुल्ल उभा होता. विहार समितीचा सचिव. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहऱ्यावर असा भाव की वाईट झालं खरं, पण आपण म्हटलं तसंच झालं, हेही काही कमी नाही.

"काय म्हनत होते तुमी, भाऊजी?"

"हेच. नवीन जातीचं लोखंड हाये, एखादा मोठा ठेकेदार पाहा म्हनलं होतं. बरं, जाऊ द्या आता. लांबी भरून घ्या, वरून निळा ऑइलपेंट मारा. संविधान दिन तोंडावर आला, वहिनी. पाहुने आपले भोकं मोजाले येऊन राह्यले का?"

प्रफुल्लला एवढं एकच औषध ठाऊक. भिंतीला भेग गेली, लांबी भरा. दाराला भोक पडलं, लांबी भरा. माणसाच्या डोक्यात भरता येत नाही म्हणून, नाहीतर तिथंही भरली असती.

"लांबी नाई भरत मी," मोनाली म्हणाली. "कापते."

"अख्खा जोड?"

"अख्खा."

"मंग संध्याकाळी वंदनेनंतर समितीपुढं सांगा," तो म्हणाला. "मी काई तुमचा दुश्मन नाई. पन रंग मारा, नाई तं काम दुसऱ्याले द्या. तिसरा रस्ता मले तं दिसत नाई." आणि चपला फटकारत तो निघून गेला.

तळेगावच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत वळलं की हे गाव. विहार गावाच्या पुढच्याच अंगाला, आणि त्याच्यासमोर ही कमान उभी राहायची होती. पोलादी प्लेटांचे दोन चौकोनी खांब आणि वर आडवी तुळई. गावातलाच अंकित, नागपूरला आर्किटेक्ट झालेला, त्यानं आराखडा काढून दिला होता. कमानीचं लोखंडही त्यानंच ठरवलं. हे लोखंड रंगवायचं नसतं. ऊनपाऊस खाऊन ते वरून गंजतं आणि तो गंजच त्याची कातडी होऊन बसतो. कातडी एकदा घट्ट धरली की आतलं लोखंड शाबूत राहतं. मोनालीला ही जात नवीन नव्हती. वर्ध्याला आयटीआय करून लग्नाआधी ती बुटीबोरीकडे एका कारखान्यात होती, तिथं मालगाडीच्या डब्यांना हेच लोखंड लागायचं. आता कारंजाला महामार्गावर तिचं स्वतःचं दुकान होतं. ट्रॉल्या, फाटकं, ढाब्यांची शेडं. ट्रॉली सगळेच देतात बाईला करायला. कमान कोण देतं?

दिली ती तिच्या सासूमुळे. पंचफुलाबाई महिला मंडळाच्या प्रमुख. समितीत ठेकेदाराचं नाव निघालं तेव्हा त्या मधेच उभ्या राहिल्या होत्या. "माह्या घरात कारागीर असताना तुमी अमरावतीले कायले जाता?" असं त्यांनी नाकावर टिच्चून विचारलं होतं, आणि म्हाताऱ्या नानाजींनी, म्हणजे अध्यक्षांनी, हसून मान डोलावली होती. त्यामुळे जोडात पडलेलं एकेक भोक आता एकट्या मोनालीचं नव्हतं. उद्या अमरावतीचा ठेकेदार आला असता तर सासूला वंदनेला बसतानाही मान खाली घालावी लागली असती. आणि मोनालीला जन्मभर ट्रॉल्याच करत बसावं लागलं असतं.

पण झालं कसं? मनातल्या मनात तिनं सगळं काम पुन्हा उलगडून पाहिलं. वेल्डिंगचे रॉड भट्टीत तापवून ठेवलेले होते, ओल लागण्याचा प्रश्नच नव्हता. खांबाच्या दर्शनी बाजूला दोन प्लेटा जिथं भेटतात तिथल्या कडा तिनं परवा चकचकीत होईतो घासल्या होत्या. कारण हाच गंज बाहेर कातडी असला, तरी जोडात अडकला तर कीड. आतून आधाराची पट्टी लावून, ती वेल्डिंगच्या दोन-चार ठिपक्यांनी अडकवून मोनाली घरी गेली होती. काल सकाळी प्लेटा काळपट दिसत होत्या. दव पडलं असेल म्हणून तिनं फडकं मारलं, गॅसच्या ज्योतीनं कडा गरम केल्या, थोडा धूर निघाला तो वाफ समजून सोडून दिला, आणि काम सुरू केलं.

तिनं चकती बदलली आणि जोड कापायला घेतला. ठिणग्यांचा झोत पायाशी पडत होता. मधोमध आल्यावर लोखंड तापलं, आणि तिच्या नाकाला कसलातरी वास लागला. तिनं ग्राइंडर बंद केला. हुंगलं. रबर नव्हे, रंग नव्हे. घरचा वास होता. तव्यावर जवस तडतडायला लागल्यावर चटणीआधी जो घरभर पसरतो, तो.

"अव माय!" ती मोठ्यानं म्हणाली.

पट्टी उखडून पाहिलं तर पट्टी आणि प्लेट यांच्या फटीत पिवळसर चिकट थर होता. बोटाला लावला तर तार सुटली. वरचं फडक्यानं पुसलं गेलं होतं, पण फटीत उतरलेलं तिथंच दडून बसलं होतं, आणि वेल्डिंगची आच लागताच त्याचा धूर वितळलेल्या लोखंडात घुसला होता. भोकं त्याची होती.

तिला कुणाला विचारायची गरजच नव्हती. हंगाम संपला की डवऱ्याची पास, विळे, कुऱ्हाड, सगळ्याला तेलाचा बोळा फिरवून ठेवायचा, ही त्यांच्या घरची रीत. आणि जवसाच्या तेलाचा डबा कुठल्या फळीवर असतो तेही तिला ठाऊक होतं. तरी ती हेल्मेट तिथंच टाकून घरी गेली.

पंचफुलाबाई नुकत्याच कापूस वेचून आल्या होत्या. ओटीतल्या बोंडांची टरफलं झटकत होत्या.

"आत्याबाई, प्लेटाले तेल कोनं लावलं?"

"आमी लावलं," त्या जराही न बिचकता म्हणाल्या. "मी, प्रमिला, रक्षा, साऱ्याजनीनं. परवा वंदना झाल्यावर. काऊन?"

"काऊन? सारा जोड नासला माह्या! भोकंच भोकं पडले त्याच्यात! हातात काम घेतलं म्हनून उभं गाव टपून बसलं हाये, थो प्रफुल्ल तोंडावर बोलून गेला, अन् माह्या घरातूनच..." तिचा आवाज फाटला. रागानं डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. "मले एका शब्दानं इचाराचं तं होतं!"

"अन् तू सांगतलं होतं का आमाले?" पंचफुलाबाईंनी टरफलं खाली टाकली. "पावसाळाभर प्लेटा विहाराच्या आंगनात भिजून राह्यल्या. रोज वंदनेले जावं तं रोज जास्त गंजलेल्या. इचारलं तं तू म्हने, गंजू द्या, असंच राह्यते. असंच म्हनजे कसं? माह्या मायनं जनमभर नवं लुगडं नेसलं नाई, मोनाली. दुसऱ्याचं उतरलेलं नेसली. भांडं भेटलं तं पोचलेलं, चप्पल भेटली तं झिजलेली. अन् आता आमच्या विहाराले पह्यल्यांदा आमच्या हातानं काई उभं राह्यते, तं थे बी गंजकं? लोक काय म्हनतीन, भंगारातून आनलं? मले नाई पाहवलं. मी तेल लावलं. मंग?"

गंज म्हणजे कातडी, हे मोनालीनं समितीला सांगितलं होतं. अंकितनं लॅपटॉपवर चित्रं दाखवली होती, तीही समितीलाच. बाया त्या वेळी चहा करत होत्या. रोज संध्याकाळी त्या प्लेटांशेजारून जाणाऱ्या बायांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यात ती स्वतःही आली.

"भंगार नाई थे," ती शेवटी म्हणाली. "साध्या लोखंडाहून महाग हाये. वरून गंजते, पन आत खात नाई. रंग मारला तं दर चार-दोन सालानं मारत बसा. याले काई लागत नाई."

"बरं," पंचफुलाबाई म्हणाल्या. पटल्याची काही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. "मंग आता जोडाचं काय?"

"कापला. पुन्हा करीन. पन समिती करू देईन तवा."

"मंग सांग त्याईले, तेल लागलं होतं म्हनून."

"कोनं लावलं इचारतीन."

सासूनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं हातमोजे कमरेला खोचले आणि ती परत गेली.

संध्याकाळी विहारात वंदना झाली. बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मधे नानाजी खुर्चीवर. प्रफुल्लनं मोबाइलवर भोकांचा फोटो काढून ठेवला होता, तो हातोहात फिरला. ज्यांना वेल्डिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनीही फोटो मोठा करून च्यक् च्यक् केलं.

"पोरी," नानाजी म्हणाले, "हे कायनं झालं?"

"जोड माह्या होता, नानाजी. चुकला, म्या कापला. कडा साफ करून पुन्हा करते. लांबी नाई भरनार अन् रंग बी नाई मारू देनार."

"पन कारन काय?" प्रफुल्ल म्हणाला. "पुन्हा तसंच झालं तं? कारन समजल्याबिगर आमी भरवसा कसा ठेवाचा?"

प्रश्न रास्त होता. त्याला उत्तरही होतं, आणि ते भिंतीला टेकून बसलं होतं. मोनालीनं तिकडे पाहिलंही नाही. हनुवटी वर, हात पाठीमागे. अडून बसलेल्या बैलाला जसं पुढेही नेता येत नाही आणि मागेही, तशी ती उभी होती.

"काम माह्याच हातून होईन," ती एवढंच म्हणाली. "दुसऱ्याले द्याचं असन तं पह्यले मले इथून हटवा."

कुणीतरी खाकरलं. प्रफुल्ल नानाजींच्या कानाशी वाकला. तेवढ्यात बायांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या आणि पंचफुलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"कारन मी सांगतो," त्या म्हणाल्या. बाईमाणूस असून बोलताना त्या 'सांगतो' म्हणत, त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणींसारख्या. "प्लेटाले तेल आमी लावलं. गंजून राह्यल्या म्हनून लावलं. थे जोडात गेलं अन् भोकं पडले. पोरीचा हात साफ हाये."

सभेत कुजबुज उठली. प्रफुल्लनं कपाळाला हात लावला. "बाप्पा! काकू, तुमी तेल लावलं? इतक्या लाखमोलाच्या कामाले?"

"हो, लावलं. अन् माफी मांगाले उभी नाई राह्यली मी. आमाले कोनं सांगतलं होतं? तुमी चित्रं पाह्यले, आमी चाय केली." प्रमिलाबाई पदराआड हसल्या. पंचफुलाबाई हसल्या नाहीत. "गंज मले अजून बी पटला नाई. पन हे बी सांगून ठेवतो, भोक झाकनं मले त्याहून पटत नाई. ह्या पोरीनं माह्यं नाव घेतलं असतं तं सुटली असती. नाई घेतलं. भोक लपवलं असतं तं आजच मोकळी झाली असती. नाई लपवलं. असा मानूस सोडून तुमी कोनाले आनता, प्रफुल्ल?"

नानाजींनी फोटोचा मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. "करू दे तिले," ते म्हणाले, आणि सभा उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनाली विहाराशी पोचली तेव्हा बाया तिच्या आधीच येऊन बसल्या होत्या. जुन्या साड्यांचे बोळे घेऊन. तिनं थिनरचा डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमीच लावलं, तुमीच पुसा," ती म्हणाली. "अन् फटीत बी. माह्या बोटाले चिकट लागलं तं पुन्हा."

"पाह्य कशी सासू झाली आमची!" रक्षा म्हणाली, आणि एकच हशा पिकला. पण पुसलं त्यांनी मन लावून. बोळे काळे होत गेले तसे बदलत गेल्या. पुसून झाल्यावर मोनालीनं डबा आणि बोळे दूर, विहारामागे नेऊन ठेवले, वास उडून जाईतो थांबली, नवी पट्टी घातली, कडा पुन्हा चमकेपर्यंत घासल्या. या वेळी हातमोजा काढून तिनं उघड्या बोटानं कडेवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग ज्योत लावली आणि धूर येतो का ते डोळे बारीक करून पाहत राहिली. आला नाही.

भट्टीतून एकेक गरम रॉड काढत ती जोड भरत गेली. एक थर झाला की वरची खपली ठोकायची, ब्रश मारायचा, भिंग लावून पाहायचं, मगच दुसरा. सगळे थर ह्याच लोखंडाच्या जातीच्या रॉडनं. साधा रॉड वापरला असता तर पुढे प्लेटला गंजाची कातडी चढली असती आणि जोड मात्र वेगळ्या रंगाचा, वेगळ्या वेगानं गंजत सुटला असता. हे सगळं ती आता मोठ्यानं बोलत होती. बाया काळ्या काचा डोळ्यांना लावून पाळीपाळीनं पाहत होत्या. पंचफुलाबाई बोलत काहीच नव्हत्या, पण काच त्यांनी पुढे कुणाला दिली नाही.

शेवटची खपली पडली तेव्हा जोड खांबावर सरळ उभा उमटला. बाजरीच्या कणसासारखा भरीव, एकसारख्या लाटांचा. मोनालीनं त्यावर लाल औषध फवारलं, पुसलं, पांढरं फवारलं आणि वाट पाहिली. एखादं भोक वरपर्यंत आलं असतं तर पांढऱ्यावर लाल ठिपका उमटला असता. नव्हता. तिनं मान मागे टाकून श्वास सोडला. अंकितही तोवर नागपूरहून येऊन पोचला होता. त्यानं गाडीतून उतरताच जोडावरून अंगठा फिरवला.

"जबरदस्त, वहिनी! आता घासून प्लेटेच्या पातळीला सपाट करून टाका. ड्रॉइंगमध्ये तसंच आहे. खांब एकसंध दिसायला हवा. पाऊस पडला की जोड कुठे होता ते कुणाला शोधूनही सापडणार नाही."

मोनालीनं ग्राइंडर उचलला. चांगल्या जोडाची तीच तर ओळख, असं ती स्वतःही शिकली होती. चकती कडेला टेकवणार, तेवढ्यात पंचफुलाबाईंचा हात आडवा आला.

"सापडनार नाई म्हनजे?"

"म्हणजे दिसणार नाही, आजी," अंकित म्हणाला. "लोखंड जसं काही अख्खंच होतं, असं वाटेल."

"अख्खं कुठं होतं? दोन होते. हिनं जोडले."

"हो, पण ते दाखवायचं कशाला?"

"काऊन लपवाचं?" म्हातारीनं जोडावर तळवा ठेवला. जोड अजून कोमट होता. "दिसू नाई, दिसू नाई म्हनून आमी सारा जनम आंग चोरून चाललो, बापू. रंग गंजाचा होते म्हनता, होऊ द्या, म्या तोंड उघडलं नाई. पन हे राहू दे. आलं-गेलं त्यानं हात लावून पाहावं, कोनं जोडलं थे इचारावं."

अंकितनं मोनालीकडे पाहिलं. "वहिनी, सांगा ना यांना. पाणी साठेल तिथं."

मोनाली खाली बसली. जोडाच्या दोन्ही कडांवरून तिनं नख फिरवलं, कुठं खाच पडली आहे का, कुठं जोडाचा ओठ प्लेटेवरून सुटला आहे का. नव्हतं. जोड वरून खाली उभा होता, पाणी आलं तर सरळ वाहून जाणार होतं. मजबुतीला काही उणं येत नव्हतं. तिनं हे सगळं नीट पाहिलं, मग सासूच्या तळव्याकडे पाहिलं. तो अजून तिथंच होता.

"नाई साठत," ती म्हणाली. "जोड उभा हाये."

"पण ड्रॉइंग..."

तिनं ग्राइंडरचा प्लग ओढून काढला आणि वायर कोपरावर गुंडाळायला लागली.

"ड्रॉइंग बदल," ती म्हणाली, आणि दुसऱ्या खांबाकडे गेली.